मामांचं लुगडं

मामांनी दोन्ही हात खांद्याइतके वर केले, हनुवटी उचलली आणि म्हणाले, "घाला निऱ्या, जावईबापू."

सासऱ्यांना लुगडं नेसवायची वेळ फारशा जावयांवर येत नसावी. निदान मला तरी तसा दुसरा कुणी आजवर भेटलेला नाही. राज्य कृषी प्रदर्शनातल्या जनावरांच्या मांडवामागे, कडब्याच्या गंजीआड आम्ही दोघे उभे होतो. मामा म्हणजे माझे सासरे, दशरथ आप्पा वाबळे. पिळदार मिशा, डोक्याला तांबडा फेटा, गावच्या दूध संस्थेचे चेअरमन. अंगात पैरण, खाली धोतर, आणि धोतराला कमरेवरून हलवायला त्यांची तयारी नसल्यामुळे धोतरावरूनच नऊवारी लुगडं. माझ्या लग्नाला तेव्हा तीन महिने झाले होते.

मी पुण्यात एका शाळेत भूमिती शिकवत होतो. पण मामांनी मला या कामाला धरलं ते त्यासाठी नव्हे. कॉलेजच्या नाटकात मी एकदा पाटलीणबाई झालो होतो, आणि शैलाने, म्हणजे माझ्या बायकोने, ही गोष्ट माहेरी कौतुकाने सांगून ठेवली होती. बायकोने माहेरी केलेलं कौतुक कधी कुठे उगवेल याचा नेम नसतो.

"कासोटा घट्ट घ्या," मामा म्हणाले. "चार मानसांत सुटला तर तोंड दाखवायला जागा राहायची न्हाई."

म्हणजे लुगडं नेसून तोंड दाखवायला त्यांची हरकत नव्हती, ते सुटल्यावर होती. मी कासोटा घट्ट घेतला. लुगडं जुनं होतं, दोन ठिकाणी ठिगळ होतं, पण धुऊन स्वच्छ केलेलं. त्याला निळीची झाक होती आणि साबणाचा वास येत होता. गोठ्यातलं लुगडं, पण जावयाचा हात लागणार म्हणून सासूबाईंनी एवढी तसदी घेतली, हे पाहून मला उगाच संकोच वाटला. मामांना वासाचं काही नव्हतं. सकाळ-संध्याकाळ तपकीर ओढून त्यांचं नाक केव्हाच निवृत्त झालं होतं.

हे सगळं सगुणासाठी चाललं होतं. सगुणा ही मामांची म्हैस. तिची आई ती लहान असतानाच मेली, तेव्हा मामींनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, तिला वाटीने दूध पाजून वाढवलं. पुढे सगुणा व्याली तेव्हा तिचं रेडकू जगलं नाही. तेव्हापासून ती पान्हा सोडायची तो फक्त मामींच्या हाताला. दुसरं कुणी कासेला हात लावायला गेलं की लाथ. मामी एकदा भावाच्या दहाव्याला गेल्या, तेव्हा घरचा गडी त्यांचं धारेचं लुगडं अंगावर गुंडाळून बसला होता. सगुणाने वास घेतला आणि निमूटपणे दूध दिलं. आमच्या भागात हे अनेक घरांत चालतं. धारेचं लुगडं म्हणून एक वेगळंच असतं.

त्या वर्षी राज्याचं प्रदर्शन आमच्या जिल्ह्याच्या गावी भरलं, आणि दूध स्पर्धेत मामांनी सगुणाचं नाव घातलं. त्याआधी एका लग्नाच्या पंगतीत दौलतराव माने मामांच्या शेजारी बसले होते. हे पलीकडच्या तालुक्यातले बडे डेअरीवाले. लोक त्यांना सरकार म्हणत. माने म्हणाले, "वाबळे, घरच्या अंगणात सगळ्यांचीच म्हैस पहिली येते. प्रदर्शनात पहिली येऊ द्या, मी विकत घेतो. द्याल का?"

मामा भात कालवत होते. म्हणाले, "दिली."

किंमत मान्यांनी तिथेच ठरवली आणि मामांनी नको म्हटलं नाही. चार माणसांत शब्द गेला. भातावर वरण वाढणाऱ्या बाईने तो ऐकला, आणि पंगत उठायच्या आत मामींना घरी कळला. मामी तशा फार बोलत नसत. शैलाने मला नंतर सांगितलं की त्या दिवशी आई गोठ्यात गेली ती बराच वेळ बाहेरच आली नाही.

प्रदर्शनाला मामींना न्यावं असं कुणाच्या मनातही आलं नाही. म्हणजे माझ्या आलं होतं. मी मामांना विचारलं, "धार मामी काढतात ना, मग त्यांनाच नेलं तर?"

"बाईमानसाला स्पर्धेत बसवलं तर लोक काय म्हनतील? वाबळ्याच्या घरात धार काढायला गडी न्हाई?"

हे त्यांनी अगदी गंभीरपणे सांगितलं, घरच्या गड्याला बसवलं तर मान गड्याला जाईल म्हणून स्वतःच बसायचं ठरवलं, आणि मग बायकोकडे तिचं लुगडं मागितलं. मामींनी ते गाठोड्यात बांधून दिलं. दाराआडून गाठोडं माझ्या हातात ठेवताना त्या म्हणाल्या होत्या, "जपून न्या, जावईबापू." मला वाटलं, गाठोड्याबद्दलच म्हणाल्या.

स्पर्धेचा नियम असा होता, की आदल्या संध्याकाळी सगळ्या म्हशींची कास पंचांसमोर रिकामी करायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळचं दूध मोजायचं. इंजेक्शन देऊन पान्हा सोडवायला बंदी होती. संध्याकाळी मोकळ्या रिंगणात म्हशी ओळीने बांधल्या होत्या आणि भोवती लोकांची गर्दी होती. पलीकडच्या मांडवात राज्यातला सर्वांत लांब मुळा ठेवला होता. तो पाहून झालेले लोक इकडे येत होते.

आम्ही गंजीआडून बाहेर आलो. मामा पुढे, मी मागे पदर सावरत. लाउडस्पीकरवाल्याने वर मान केली आणि क्षणभर थांबून म्हणाला, "आता आपल्यासमोर येत आहेत प्रगतिशील शेतकरी श्री. दशरथ आप्पा वाबळे, आपल्या पारंपरिक वेशात."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मामांनी फेट्यावरून पदर घेतलेला होता, त्यामुळे त्यांना नमस्कार करणं अवघड गेलं. माझ्या शेजारच्या एका गृहस्थाने मला विचारलं, "गाणं कधी सुरू होणार?"

"गाणं नाही," मी म्हणालो. "दूध आहे."

मामा सगुणापुढे आंबोणाचं घमेलं ठेवून तिच्या कुशीला बसले. सगुणाने मान वळवली, पदराचा वास घेतला. पुन्हा घेतला. मग तिने घमेल्यातून तोंड काढलं, मागचा पाय उचलला आणि बादली तीन म्हशी पलीकडे जाऊन पडली.

मी बादली आणून दिली. मामांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला, "सगुणे, सगुणे" म्हणून मामींसारखा आवाज काढून पाहिला. तो आवाज कुणाच्याच बायकोचा वाटत नव्हता. सगुणाने दुसऱ्यांदा लाथ मारली, तेव्हा मामा बादलीबरोबर गेले. कासोटा मात्र सुटला नाही. एवढं समाधान मला मिळालं.

शेजारच्या दाव्याला मोहोळकडची एक बाई होती, भागीरथीबाई. पन्नाशीची, कपाळाला मोठं कुंकू. ती स्वतःची म्हैस स्वतः पिळत होती आणि तिच्या घरात गडी आहे की नाही याची चौकशी कुणी करत नव्हतं. तिचं काम झालं तशी ती उठून आली. मामांना हात देऊन उठवलं, आणि उठवता उठवता थबकली. पदर हातात धरून तिने नाकाशी नेला.

"पाव्हणं, हे लुगडं धुतल्यालं हाय की."

"असंल," मामा म्हणाले.

"असंल काय? साबन लावलाय, नीळ बी दिलीया. धारंचं लुगडं नुसतं पान्यातनं काढत्यात. त्याचा वास गेला तर जनावर कशाला वळखंल? कुनी दिलं हे?"

मामा लुगड्याच्या काठाकडे पाहत राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "जावईबापू, खरंच साबनाचा वास येतोय?"

"येतोय."

"लई?"

"बराच."

ते पुन्हा काठाकडे पाहू लागले. रागावले असतील असं मला वाटलं, आणि रागावायला हवंही होतं. भर प्रदर्शनात, फेट्यावर पदर घेऊन, लाथा खाऊन, तेही जावयासमोर. पण त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. वर्गात सगळ्यांत मागे बसणाऱ्या मुलाने अचानक अवघड प्रमेय सोडवलं की मास्तराचा जसा चेहरा होतो, तसा तो होता.

तेवढ्यात दौलतराव माने आले. काळा चष्मा, पांढरीशुभ्र विजार. त्यांनी मामांकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि हसू मिशीत दाबलं. "काय वाबळे? म्हैस आटली का तुमची?"

"आटली न्हाई. रुसलीया."

पंच म्हणून एक जनावरांचे डॉक्टर होते. मी त्यांना विचारलं, "स्पर्धक बदलता येतो का?"

"म्हैस बदलता येत नाही," डॉक्टर म्हणाले. "माणूस बदलला तरी चालेल. मात्र मांडव बंद व्हायच्या आत कास रिकामी झाली पाहिजे, नाहीतर नाव खोडावं लागेल."

मामांनी मला बाजूला घेतलं. माझी स्कूटर होती आणि गाव फार लांब नव्हतं. "जाऊन तुमच्या मामीला घेऊन या," ते म्हणाले.

"काय सांगू? लुगड्याचं विचारू?"

"लुगड्याचं काय बी बोलू नका." त्यांनी थोडा विचार केला. "स्पर्धेचं बी नको. एवढंच सांगा, सगुनाची कास तटलीया."

मी गावात पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. मामी ओसरीच्या खांबाला टेकून उभ्या होत्या, माझीच वाट पाहत असल्यासारख्या. मला पाहून त्यांनी पदर नीट केला आणि अर्धवट दाराआड सरकून विचारलं, "एकलेच आलात?"

"एकटाच."

"ह्यांनी लुगडं नेसलं?"

"नेसलं."

"मानसांत?"

"माणसांतच. टाळ्याही पडल्या."

मामींनी पदर तोंडाला लावला. खांदे हलत होते. हसत होत्या की रडत, मला कळेना. बहुधा दोन्ही. मग त्यांनी डोळे पुसले आणि विचारलं, "दूध दिलं न्हाई ना तिनं?"

"थेंबसुद्धा नाही."

एवढं ऐकल्यावर त्यांच्या तोंडावर जे आलं ते मी त्याआधी आणि नंतरही कधी त्यांच्या तोंडावर पाहिलं नाही. शुद्ध समाधान. पण ते फार टिकलं नाही.

"मग काढलं कुनी?"

"कुणीच नाही. कुणाला जवळ येऊ देत नाही. मामांनी सांगितलंय, कास तटलीय."

मामी दाराआडून बाहेर आल्या. जावयासमोर यायचं नाही हे त्या विसरल्या. "कुनीच न्हाई? मला वाटलं, डाक्टर असत्यात तिथं, कोन तरी पिळून घेईल. नंबर तेवढा जाईल." त्यांचा आवाज चिरला. "दुखत असंल ओ तिला. कास सुजून दगडी झाली तर सड जायचा तिचा. मी आसं कसं केलं?"

शेवटचा प्रश्न मला नव्हता. मामी होत्या तशा निघाल्या. अंगावर गोठ्यातलंच दुसरं लुगडं होतं, पायात काही नव्हतं. स्कूटरवर बसायच्या वेळी मात्र त्यांना रीत आठवली. सासूने जावयाला खेटून बसायचं म्हणजे काय? त्यांनी आत जाऊन पेंडीची एक पिशवी आणली, आमच्या दोघांच्या मध्ये ठेवली आणि तिला मिठी मारून बसल्या. वाटेत त्या फक्त एकदाच बोलल्या. "जरा जोरात हाना की."

रिंगणाच्या दाराशी पोचलो तेव्हा बाहेर बरीच पांगापांग झाली होती. सगुणा पाय फाकवून उभी होती. मामींनी लांबूनच "बाय माझी" म्हटलं आणि सगुणाने असा काही हंबरडा फोडला की मुळ्याच्या मांडवातले लोक बाहेर आले. मामी तिच्या कुशीला कपाळ टेकून बसल्या. बादलीत धार वाजायला लागली. दूध काढता काढता त्या रडत होत्या आणि सगुणा त्यांची पाठ चाटत होती.

मामा धोतर-पैरणीत, दोन हात मागे बांधून उभे होते. लुगडं त्यांनी घडी करून काखेत धरलं होतं. डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं आणि वहीत काहीतरी खूण केली.

सकाळी दूध मोजायच्या वेळी मला एकच शंका होती. आता सगळं मामींच्या हातात होतं. चार धारा कासेत ठेवल्या असत्या तर नंबर गेला असता आणि सगुणा घरी राहिली असती. कुणाला कळलंही नसतं. मी मनातल्या मनात त्यांना तसा सल्लाही देत होतो. पण त्यांनी सड अगदी कोरडे होईपर्यंत दूध काढलं, बादली भरली, दुसरी मागवली. हात धुताना मी जवळ जाऊन हळूच विचारलं, "मामी, थोडं ठेवलं असतं तर?"

"कासंत?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जावई असण्याबद्दल मला शरम वाटली. "काल तिला एवढं दुखलं त्ये काय कमी झालं? आन् एवढ्या लोकांत तिची मान खाली का घालायची? तिनं काय केलंय?"

सगुणा पहिली आली. भागीरथीबाईंची म्हैस दुसरी. लाउडस्पीकरवाल्याने मामांचं नाव पुकारलं आणि "पारंपरिक वेशात" असंही सवयीने म्हणून गेला. मामांनी ढाल घेतली. लोकांनी सगुणाला हार घातला. तो तिने खाल्ला.

मग दौलतराव माने पुढे आले. त्यांच्या माणसाच्या हातात नवीन दावं होतं. विकलेल्या जनावराबरोबर जुनं दावं द्यायचं नसतं, म्हणून घेणारा आपलं आणतो. ते दावं पाहून मामी दोन पावलं मागे सरकल्या आणि सगुणाच्या गळ्यात हात टाकून उभ्या राहिल्या. 

"वाबळे, शब्दाला जागा," माने म्हणाले.

"जागतो की." मामांनी ढाल माझ्या हातात दिली. आवाज त्यांनी जरा चढवला, ग्रामसभेत चढवतात तसा. "म्हैस तुमची. फक्त एक सांगून ठिवतो, उद्या वाबळ्यानं फसवलं म्हनू नका. काल मी लुगडं नेसून बसलो, सगळ्यांनी पाह्यलं. दिलं का दूध? न्हाई. का न्हाई? तर लुगडं धुतल्यालं हुतं. हिला आमच्या मंडळींच्या न धुतलेल्या लुगड्याचा वास लागतो. त्याबिगर तुमचे धा गडी बसले तरी थेंब मिळायचा न्हाई."

माने धंद्याचा माणूस. अडचण आली की तिचा भाव विचारायचा, एवढंच त्यांना ठाऊक. त्यांनी हात हलवला. "मग त्यात काय एवढं? ते लुगडं बी द्या की संगं."

"कोनतं?"

"हेच की. वहिनींच्या अंगावरचं."

बोलून गेल्यावर त्यांना ते ऐकू आलं असावं. त्यांनी चष्मा काढला. शेजारच्या म्हशींचं रवंथ तेवढं ऐकू येत होतं.

"परत म्हना," मामा शांतपणे म्हणाले.

"वाबळे, तसं न्हवतं म्हनायचं..."

"चार मानसांत म्हनलात, म्हनून म्हनलं परत म्हना. सगळ्यांना नीट ऐकू गेलं नसंल."

गर्दीतून एक पागोटंवाले म्हातारे पुढे झाले. "सरकार, चुकलं तुमचं. बाईमानसाच्या अंगावरचं लुगडं मागायचं म्हंजी काय बोलनं झालं?" दुसऱ्याने मान डोलावली. भागीरथीबाई मागून म्हणाली, "लुगड्यावर थांबले त्ये बरं झालं."

मान्यांचा चेहरा तांबडा झाला. माणूस वाईट नव्हता. त्यांनी मामींकडे वळून हात जोडले. "वहिनी, माफी करा. तोंडातून गेलं." मामींनी डोळ्यांपर्यंत पदर ओढला. पदराच्या आत काय चाललं होतं ते देव जाणे.

"माफी झाली," मामा म्हणाले. "राग न्हाई. पर शब्द म्हशीचा हुता, सरकार. घरच्या बाईच्या लुगड्यापातूर गोष्ट आली, तितं शब्द सरला. आता ही म्हैस मी तुमच्या दारात बांधली तर गावात कुनी माझ्या हातचं पानी घ्यायचं न्हाई."

म्हातारे म्हणाले, "बरोबर हाय." आणखी दोघे-तिघे म्हणाले, "बरोबर हाय." मान्यांच्या माणसाने दावं गुंडाळून खांद्यावर टाकलं. जाताना माने मामांच्या जवळ येऊन काहीतरी पुटपुटले. मामांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. दोघे पुढे पुष्कळ वर्षं एकमेकांच्या घरच्या लग्नांना जात राहिले.

भागीरथीबाई मामींना प्रदर्शन दाखवायला घेऊन गेली. मामी प्रदर्शनात आल्या होत्या, पण म्हशीपलीकडे त्यांनी काही पाहिलं नव्हतं. मामा आणि मी चहाच्या टपरीवर बसलो. ढाल बाकावर आमच्या मध्ये होती.

मी म्हणालो, "मामा, मान्यांनी लुगडं मागावं म्हणूनच तुम्ही ते सगळं सांगितलंत."

मामांनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली. "माने लई जुना गिऱ्हाईक हाय. बैलगाडी घेतली तर वंगनाचं नळकांडं बी मागून घेनार."

"पण म्हैस द्यायची नव्हती तर आधीच..."

"काल सांजच्यापातूर द्यायचीच हुती," मामा म्हणाले. "शब्द दिलता. कुनाला इचारायचं मनात बी आलं न्हाई." ते बशीकडे पाहत राहिले. "सव्वीस वर्सं झाली लग्नाला. हिनं माझ्याकडं कधी काय मागितलं न्हाई. लुगडंसुदिक न्हाई. मी म्हनायचो, वाबळ्याची बायको सुकात हाय, तिला काय कमी न्हाई. आन् म्हैस बी तिनं मागितली न्हाई, जावईबापू. लुगडं धुतलं."

त्यांनी कनवटीची डबी काढली, चिमूटभर तपकीर ओढली आणि डोळे पुसले. तपकिरीने पाणी येतं डोळ्यांना. त्यांना मात्र पुढच्या इतक्या वर्षांत ते कधी आलेलं मी पाहिलं नाही.

या गोष्टीला आता चाळीस वर्षं होत आली. मामाही नाहीत आणि मामीही नाहीत. शैला ही गोष्ट सांगते तेव्हा तिच्या गोष्टीत वडील शूर आणि आई भोळी असते. मी मध्ये बोलत नाही.

मामी परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात फुकट मिळालेली पाच-सहा रंगीत पत्रकं होती. फवारणी पंपांची, धार काढायच्या यंत्राची. त्यांना वाचता येत नव्हतं, पण चित्रं चांगली होती. त्या नेहमीसारख्या उभ्याच राहिल्या. मामांनी ढाल उचलून खाली मातीत ठेवली आणि बाकावर जागा केली. मामी माझ्याकडे एकदा पाहून बाकाच्या अगदी टोकाला टेकल्या.

"बघितला मुळा?" मामांनी विचारलं.

"बघितला. पोकळ असंल."

मग मामींनी पत्रकांची घडी घातली, मांडीवर ठेवली आणि म्हणाल्या, "एक मागायचं हुतं."

मामांची बशी ओठांशी गेलेली तिथेच थांबली. "माग की."

"फुडल्या साली मलाच आना. लुगडं धुवायचा ताप वाचंल माझा."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी टपरीवरची भावाची पाटी वाचायला लागलो.

"आनतो," मामा म्हणाले, आणि आपली बशी त्यांनी मामींपुढे सरकवली.